बडोद्यात नवे आहात आणि दान द्यायचं आहे? आधी एक साधा मंगळवार मोकळा ठेवा

बडोद्यात बिऱ्हाड मांडून महिना होत नाही तोच दारावर पहिलं पावतीपुस्तक येतं. सोसायटीचा गणपती, गोशाळा, उन्हाळ्यातली पाणपोई, उत्तरायणाच्या आधी मांज्यानं जखमी होणाऱ्या पक्ष्यांची औषधं. गुजरातीत याला 'फाळो' म्हणतात, म्हणजे आपली वर्गणी. पुण्या-नाशकाहून नोकरीसाठी आलेली मंडळी इथे बहुधा दोन गोष्टी करतात. दारात येईल त्याला एक्कावन्न रुपये देऊन मोकळी होतात, नाहीतर कुणाला ओळखत नाही म्हणून कुणालाच काही देत नाहीत. दोन्हींत देण्याचं समाधान मिळत नाही, आणि ज्यांना खरी गरज आहे ते बाजूलाच राहतात.

मी सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन दांडिया बाजारात आले. बँकेत नोकरी केली, आणि गेली काही वर्षं दोन लहान संस्थांचे हिशेब विनामोबदला पाहते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यामुळे जे कळलं ते लिहीत आहे. माझं सांगणं थोडक्यात असं: घरापासून अर्ध्या तासावरची एकच संस्था निवडा, कुठलाही सण-समारंभ नसताना तिथे जाऊन या, आणि पटली तर दर महिन्याला थोडं थोडं देत राहा.

आधी वर्गणी आणि दान वेगळं करा

सोसायटीचा गणपती, नवरात्रीचा गरबा, गल्लीतला भंडारा ही शेजारधर्माची वर्गणी. ऐपतीप्रमाणे द्या, पावती घ्या, विषय संपला. त्याची कागदपत्रं मागत बसू नका. शेजाऱ्यांशी ओळख व्हायला ती चांगली संधी असते.

दानाचा आकडा मात्र घरात बसून, सगळ्यांशी बोलून ठरवा. समजा वर्षाला बारा हजार ठरले. त्यातले दीड-दोन हजार अचानक येणाऱ्या मागण्यांसाठी बाजूला ठेवा, बाकीचे एका ठिकाणी. दहा संस्थांना हजार-हजार वाटले तर दहाही जण तुम्हाला विसरतात आणि तुम्हीही कुठलीच लक्षात ठेवत नाही.

मग विषय ठरवा: मुलांचं शिक्षण, म्हातारी माणसं, रुग्ण, प्राणी, जे तुमच्या मनाला लागतं ते. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी अशी अट. रक्कम ठरलेली, मुदत ठरलेली, अपेक्षा आधी सांगितलेली. आपण कुणी महाराज नाही, पण एका मुलीची नववी-दहावीची दोन वर्षं याच पद्धतीनं उचलता येतात. 'यंदा देतो, पुढचं पुढे बघू' या बोलीवर ती मुलगी काहीच ठरवू शकत नाही.

संस्था शोधायची कुठे

गोरजचा मुनी सेवा आश्रम इथे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्या संस्था आपोआप सापडतात. लहानांची वेबसाइट नसते, फेसबुकवर तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो असतो, आणि काम मात्र रोज चाललेलं असतं. त्या शोधायला माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडतात ती समाजकार्य शिकणारी मुलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि तिथले विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी शहरातल्या संस्थांमध्ये जातात. कुठे मुलांशी नीट बोलतात, कुठे नुसतं रजिस्टर भरतात, हे त्यांनी आतून पाहिलेलं असतं. सयाजी हॉस्पिटलमधल्या समाजसेविका, वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताई, तुमचे नेहमीचे डॉक्टर, यांनाही विचारा. प्रश्न असा ठेवा: "तुमच्याकडे आलेल्या अडचणीतल्या माणसाला तुम्ही कुठे पाठवता?" या प्रश्नाला सहसा खरं उत्तर मिळतं, कारण तिथे दानाचा विषयच नसतो.

कागद: तीन नंबर, तीन अर्थ

लोक इथेच गोंधळतात. संस्थेच्या पावतीवर नंबरांची रांग असते आणि ती पाहून आपण निश्चिंत होतो.

पहिला नंबर सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदणीचा. महाराष्ट्रात आपण धर्मादाय आयुक्त म्हणतो, इथे सगळे चॅरिटी कमिशनर म्हणतात. कायद्याचं मूळ एकच: १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. गुजरातेत तो आता गुजरातच्या नावानं चालतो. नंबराच्या सुरुवातीचं अक्षर संस्थेचा प्रकार सांगतं. 'ए' म्हणजे हिंदू धर्माशी निगडित ट्रस्ट, 'ई' म्हणजे सर्वांसाठीचा, 'एफ' म्हणजे सोसायटी म्हणून (घरांची सोसायटी नव्हे) स्थापन झालेली संस्था. सोसायटीला 'गुज' नं सुरू होणारा आणखी एक नंबर असतो, तेव्हा दोन नंबर दिसले तर शंका घेऊ नका. संस्थेकडे 'पीटीआर'ची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीच्या उताऱ्याची नक्कल असते. ती जरूर पाहा. गुजराती अक्षरं बरीचशी शिरोरेघ काढलेल्या देवनागरीसारखीच आहेत, थोड्या सरावानं वाचता येतात. त्यात उद्देश, मिळकत आणि विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत फेरफार कळवावा लागतो. पीटीआरवर सात नावं आहेत आणि त्यातली चार माणसं हयात नाहीत असं कळलं, तर संस्था लबाडच असेल असं नाही, पण कारभाराकडे कुणाचं लक्ष नाही एवढं नक्की.

दुसरा नंबर आयकर खात्याचा: १२एबी आणि ८०जी. पहिल्यानं संस्थेचं उत्पन्न करमुक्त होतं, दुसऱ्यानं देणाऱ्याला वजावट मिळते. या नोंदण्या आता कायमच्या नसतात, मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. १९९८ सालचं पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं असेल तर नवं मागा. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरही मान्य संस्था शोधता येतात.

तिसरा नीती आयोगाच्या 'दर्पण' या संकेतस्थळाचा. तिथे संस्था स्वतः आपली माहिती भरते. ती नोंद आहे, शिफारस नाही. "आम्ही सरकारमान्य आहोत, हा बघा दर्पणचा नंबर" असं कुणी म्हणालं तर मान डोलवा आणि पुढचा प्रश्न विचारा.

बालगृह असेल तर चौथा कागद लागतोच. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा प्रत्येक संस्थेची वेगळी नोंदणी सक्तीची आहे, आणि मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशानं यायला हवीत. "मुलं कुणाच्या आदेशानं येतात?" एवढंच विचारा. चांगल्या अधीक्षिका लगेच फाइल काढतात.

तो मंगळवार

लेखातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिवाळी, पंधरा ऑगस्ट, कुणाचा वाढदिवस असलेला रविवार, या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळीकडे फुगे असतात. आदल्या दिवशी फोन करा, मधल्या वारी सकाळी अकराला जा. न सांगता थडकणं बरं नाही. ते कुणाचं तरी घर असतं, आणि तुमच्या घरी असं कुणी आलं तर तुम्हालाही आवडणार नाही.

आत गेल्यावर आधी स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम दाखवा म्हणा. ऑफिस सगळ्यांचंच नीटनेटकं असतं. फळ्यावर आठवड्याचा मेनू असेल तर आज त्यातलं काय शिजतंय ते बघा. वृद्धाश्रमात असाल तर अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या खोलीचा वास घ्या, उशाशी पाणी आहे का बघा. रात्री किती माणसं ड्युटीला असतात ते विचारा. पन्नास वृद्ध आणि रात्री एकच वॉचमन असेल, तर नव्या इमारतीच्या देणगीपेक्षा रात्रपाळीच्या एका बाईचा पगार जास्त मोलाचा.

मुलं कशी वागतात पाहा. पाहुणा दिसताच सगळी रांगेत उभी राहून गाणं म्हणायला लागली तर मला वाईट वाटतं, त्यांना तशी सवय लावलेली असते. जिथे एखादं पोर तुमच्याकडे ढुंकूनही न बघता कॅरम खेळत राहतं, तिथे मुलं बरी आहेत असं समजा.

आणि फोटो काढू नका. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असं काही छापणं किंवा दाखवणं बाल न्याय कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. संस्थाच मुलांचे चेहरे देणगीच्या जाहिरातीत वापरत असेल, तर मी तिथून उठून येते. ज्यांना मुलांची लाज राखता येत नाही त्यांनी माझ्या पैशाची काळजी घेतली काय आणि नाही घेतली काय.

मग हिशेब. मागच्या ३१ मार्चचं ऑडिट झालेलं सरवैयुं मागा. गुजरातीत ताळेबंदाला सरवैयुं म्हणतात. तुम्हाला हिशेबातलं कळत नसलं तरी तीन गोष्टी दिसतात. एक, 'इमारत फंड' किंवा तसंच काही नाव असलेली रक्कम वर्षानुवर्षं तशीच पडून आहे का? दोन, विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातलगांना भाडं, कर्ज, पगार जातो का? जात असेल तर का, हे सरळ विचारा. तीन, हातात किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे?

पगारावर जास्त खर्च दिसला म्हणून नाक मुरडू नका. मतिमंद मुलांच्या शाळेत खर्चाचा मोठा भाग शिक्षिकांचाच असणार, कारण ती शाळा म्हणजे त्या शिक्षिकाच. "आमच्याकडे एक रुपयाही व्यवस्थापनावर जात नाही" असं सांगणाऱ्यांची मला उलट काळजी वाटते. कुणीतरी पावत्या फाडतो, कुणीतरी वीजबिल भरतो, ऑडिटर फी घेतो. हे पैसे कुठून येतात ते सांगता यायला हवं.

विचारताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण मी हिशेब पाहते त्या संस्थेच्या बेन सांगतात, की प्रश्न विचारून गेलेली माणसंच वर्षानंतरही देत राहतात. हार घालून फोटो काढून गेलेले पुन्हा दिसत नाहीत.

कायमी तिथीबद्दल जरा सविस्तर

आपल्या लोकांच्या हातून सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, म्हणून थांबून सांगते. बडोद्यातल्या बहुतेक आश्रमांत आणि अन्नक्षेत्रांत 'कायमी तिथि'ची पाटी असते. एकदाच रक्कम भरायची, आणि तिच्या व्याजातून दर वर्षी आई-वडिलांच्या तिथीला तुमच्या नावानं जेवण घालायचं. कल्पना सुंदर आहे. वर्षश्राद्धाला भटजी-पंगतीचा खर्च आटोपून उरलेली रक्कम इथे द्यावी, असं पुष्कळ मराठी घरांत आता ठरतं.

सासूबाई गेल्यावर आम्हीही एका ठिकाणी पाच हजार एक रुपये भरले. चौथ्या वर्षी त्या तिथीला मी सहज गेले. व्यवस्थापक बदलले होते, नव्या वहीत सासूबाईंचं नाव नव्हतं आणि जुनी वही कुठे आहे कुणालाच माहीत नव्हतं. जेवण रोजच्यासारखं झालं होतं, उपाशी कुणी राहिलं नव्हतं. पण घरी येऊन मी आकडेमोड केली तेव्हा कळलं, की चूक वहीच्या आधीच झाली होती. सात टक्क्यांनी पाच हजारांचं वर्षाचं व्याज साडेतीनशे रुपये. चाळीस माणसांचं साधं जेवण माणशी चाळीस रुपयांनी धरलं तरी सोळाशे होतात. तेवढं व्याज यायला तेवीस हजारांच्या आसपास मुद्दल हवं, आणि भाव दर वर्षी चढतात ते निराळंच. ज्या रकमेत ते कधीच बसणार नव्हतं, त्या रकमेत आम्ही कायमचं वचन मागितलं होतं, आणि त्यांनी ते दिलं होतं.

म्हणून कायमी तिथी घ्यायची असेल तर विचारा: मुद्दल कुठल्या खात्यात ठेवता, ताळेबंदात ते कायम निधी म्हणून वेगळं दिसतं का, व्याज कमी पडलं तर काय करता? पावतीवर 'कायम निधीसाठी' असे शब्द लिहून घ्या, नाहीतर रक्कम चालू खर्चात जाते. मी आता दर वर्षी त्या तिथीला त्या दिवसाच्या जेवणाचा खरा खर्च विचारते आणि तेवढे पैसे पाठवते. सरकारी शाळांमध्ये गुजरातेत 'तिथी भोजन' चालतं, मध्यान्ह भोजनाच्या जोडीला एका दिवसाचं गोडधोड देता येतं. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोललं की होतं.

पैसे देताना

पहिल्यांदा पाचशेच द्या. पावती किती दिवसांत येते, नाव बरोबर आहे का, नंबर छापलेले आहेत का, ते पाहा. पाचशेची पावती वेळेवर देणारी संस्था पन्नास हजारांचीही देते.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं, ते वाचा. ट्रस्टच्या नावाऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर थांबा. "ट्रस्टचं खातं उघडायचं काम चालू आहे" हे कारण मी अनेकदा ऐकलं आहे. खातं उघडल्यावर देऊ म्हणावं. आजारी बाळाचा फोटो आणि खाली नंबर असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तर हॉस्पिटलला फोन करून रुग्णाच्या नावानं थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरता येतं का ते विचारा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आता कराचं. "अर्धे पैसे परत मिळतात" असं गोळा करणारे सांगतात, ते खरं नाही. ८०जीची मान्यता असलेल्या सर्वसाधारण संस्थेला दिलेल्या रकमेच्या अर्ध्या भागाची उत्पन्नातून वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे दहा हजार दिले, तर पाच हजार उत्पन्नातून वजा होतात आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासकट १,०४० रुपये वाचतात. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही, आणि आता तुम्ही वेगळं काही निवडलं नाही तर तीच प्रणाली लागू होते. रोखीनं दोन हजारांपेक्षा जास्त दिले तर त्यावर काहीच सूट नाही. धान्य, कपडे, पंखे यांवरही नाही. संस्थेला तुमचा पॅन द्या. वर्ष संपल्यावर ती आयकर खात्याला देणगीदारांची यादी कळवते आणि तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं, लोक त्याला १०बीई म्हणतात. नुसत्या पावतीवर आता भागत नाही. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यानं कलमांचे नंबर बदलले आहेत, पण संस्थांच्या तोंडी ८०जीच राहील.

बडोद्यात घरटी एक जण अमेरिकेत किंवा कॅनडात असतो, म्हणून हेही लिहिते. मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्यानं आपल्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. ती फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि तीही दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. चांगल्या हेतूनं मुलानं थेट गुगल पेवर पाठवलेले पैसे लहान संस्थेला मोठ्या अडचणीत आणू शकतात. आधी विचारा.

वस्तू द्यायच्या असतील तर

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीला विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ३५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा आम्ही सोसायटीतून जुन्या कपड्यांची सोळा पोती गोळा करून एका मदतकेंद्रावर नेली. तिथे आधीच खोलीभर कपडे होते. दमट हवेत त्यांना वास यायला लागला होता, आणि ते वेगळे करायला चार मुली दिवसभर अडकून पडल्या होत्या. त्यांना हवं होतं फिनाइल, खराटे, फावडी, सॅनिटरी पॅड, कोरड्या गाद्या आणि गाळ काढणारे हात. पुढच्या आठवड्यात वह्या-पुस्तकं लागली, कारण दप्तरं भिजली होती. त्या दिवसापासून मी फोन करून विचारल्याशिवाय एकही पिशवी नेत नाही.

दिवाळीत फरसाण आणि मिठाई कुणालाच खाऊन संपत नाही, आणि मार्चमध्ये एमजीव्हीसीएलचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं बिल भरायला पैसे नसतात. जूनमध्ये शाळा उघडताना गणवेश लागतात. म्हणून दर महिन्याला बँकेतून आपोआप जाणारे सातशे-आठशे रुपये, कुठलीही अट न घालता दिलेले, हे त्यांच्या सगळ्यात कामाचे. त्यावर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही, आणि तरीही लाइट चालू राहतात.

त्यानंतर

वर्षातून दोनदा जाऊन या. विश्वस्त बदलले, ताळेबंद द्यायला टाळाटाळ सुरू झाली, की आधी लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर महिन्याची रक्कम थांबवा आणि चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत अर्ज करा. तुमच्या पावत्या जोडा. जमीन-इमारत विकायची असेल तर ट्रस्टला त्यांची आगाऊ मंजुरी लागते, तेव्हा आश्रमाचा प्लॉट बिल्डरला जाणार अशी कुणकुण लागली तर पहिली चौकशी तिथेच करा.

संस्था बदलायची वेळ आलीच तर दोन-तीन महिने आधी कळवा. तुमचे आठशे रुपये धरून त्यांनी कुणाला तरी कामावर ठेवलेलं असतं.